दहा सेकंदांचं जेवण

सेकंदकर हे काही त्याचं खरं आडनाव नव्हतं. ते त्याला स्टुडिओतल्या साउंडवाल्यानं बहाल केलं होतं आणि फुकटात मिळालेल्या बहुतेक गोष्टींसारखं ते कायमचं चिकटलं. टीव्हीवर एक कार्यक्रम संपतो, दुसरा सुरू व्हायचा असतो, आणि मधे पानं उडतात, नाहीतर पाणी उसळतं, नाहीतर दिवा लागतो आणि त्यातून चॅनेलचा लोगो उगवतो, ते या माणसाचं काम. धंद्यात त्याला आयडेंट म्हणतात. लांबी दहा सेकंद. तेवढ्यात बघणारे पाणी प्यायला उठतात, पाठ खाजवतात, रिमोट कुणाच्या बुडाखाली गेलाय ते शोधतात. "गेला महिनाभर काय केलंस?" असं कुणी विचारलं, की तो गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, "दहा सेकंद." विचारणाऱ्याला वाटायचं थट्टा करतोय. तो थट्टा करत नसे.

राहायला तिसऱ्या मजल्यावर एक खोली. एकच टेबल, त्यावरच काम आणि त्यावरच जेवण. खुर्च्या दोन होत्या, पण दुसरीवर प्रिंटर बसलेला असायचा आणि त्याला उठवायची वेळ कधी आली नव्हती.

त्याच शहरात, बसनं गेलं तर पाऊण तासावर, त्याची थोरली बहीण राहायची. लग्न मोडल्यावर तो तिच्याकडेच जाऊन राहिला होता. ताई, भाऊजी, भाऊजींची आई म्हणजे काकू, आणि भाची. चांगलं चाललं होतं. मग एकदा रात्री जेवताना भाऊजी म्हणाले, "दहा सेकंदांत आयडेंट संपतो, पण आमच्या मेहुण्यांचा मुक्काम काही संपत नाही!" सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं सेकंदकरच हसला. आठवड्याच्या आत त्यानं ही खोली बघितली आणि सामान हलवलं.

भांडण म्हणावं तर भांडण झालंच नव्हतं, म्हणून ते मिटवताही येत नव्हतं. नात्यात हिशेब ठेवू नये असं सगळेच म्हणतात आणि सगळेच ठेवतात. सेकंदकर पैपैचा ठेवायचा. घर आपण सोडलं, म्हणजे आपलं नुकसान जास्त, म्हणजे फोन पहिल्यांदा तिनं करायचा. ताई त्याच आईबापाची मुलगी. निघून गेला तो, तोंड फिरवलं त्यानं, म्हणजे फोन त्यानं करायचा. अशी दोन वर्षं गेली. वाढदिवसाला फुलांचं चित्र जायचं, तिकडूनही फुलांचं चित्र यायचं. त्या टेबलापाशी आपण पुन्हा कधी बसू का, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं, आणि तेवढंच विचारायला त्याची जीभ उचलत नव्हती.

तर अशा माणसाला चॅनेलनं काम दिलं कुटुंबाचं.

चॅनेलच्या ब्रँडवाल्या बाई हौशी होत्या. "आपलं चॅनेल म्हणजे घर," त्या म्हणाल्या. "एक टेबल, पाच माणसं, जेवतायत. आजी, आई, बाबा, मुलगी आणि एक कुणीतरी काका-मामा. बाकी काही नको. बघितल्यावर वाटलं पाहिजे, आपणही जाऊन बसावं."

सेकंदकरची कामाची पद्धत ठरलेली होती. आधी कॅमेऱ्यासमोर स्वतः करून बघायचं, मग त्यावरून चित्रं काढायची. हात कसा उचलतो, मान कधी वळते, हे मनानं काढायला गेलं तर माणूस बाहुलीसारखा हलतो. तेव्हा त्यानं आपल्याच टेबलापाशी पाचही माणसं स्वतः केली. खांद्यावर टॉवेल टाकून आजी झाला. खुर्चीवर गुडघे टेकून मुलगी झाला. बाबा व्हायला काहीच करावं लागलं नाही, पोट होतंच. मग पाचांची चित्रं काढून एका टेबलाभोवती बसवली.

बाईंनी बघितलं. "छान आहे हो. सगळं छान आहे. पण ऊब नाही."

ऊब म्हणजे काय हे त्यांनाही सांगता येईना. त्यानं भिंतीचा रंग नारिंगी केला. ऊब नाही. भातावरची वाफ वाढवली, दिवा पिवळा केला. नाही. तिसऱ्या खेपेला ते अख्खं कुटुंब कावीळ झाल्यासारखं दिसायला लागलं, तरी ऊब म्हणून येईना.

शेवटी त्यानं ती फीत साउंडवाल्याकडे नेली. म्हटलं, आवाजानं काही होतंय का बघ. साउंडवाला जाडजूड माणूस, कानावरचा हेडफोन आंघोळीपुरताच काढत असावा. त्यानं फीत चार वेळा फिरवली आणि म्हणाला, "आवाज कुठे देऊ?"

"म्हणजे? भांड्यांचा दे, चमच्यांचा दे."

"अरे बाबा, भांडी वाजायला भांड्याला भांडं लागावं लागतं. ही माणसं एकमेकांच्या वाटेलाच जात नाहीत. कुणाचं कोपर कुणाला लागत नाही. कुणी कुणाला सरक म्हणत नाही. ही आजी बघ, आपलं ताट कशी पोटाशी ओढून बसलीये. पाची जण तसेच. एका टेबलावर बसलेत, पण जशी काही कँटीनमध्ये जागा नव्हती म्हणून बसलेत." मग त्यानं हेडफोन गळ्यात उतरवला. "पाचही तूच केलेस ना?"

"मग कोण करणार?"

"तेच दिसतंय. पाच सेकंदकर जेवतायत, प्रत्येक जण एकटा."

सेकंदकरनं फीत पुन्हा पहिल्यापासून लावली.

"रागावू नकोस. खरी माणसं शूट कर. बहीण आहे ना तुला इथेच?"

रागावला नव्हता तो. उलट त्याच्या छातीवरचा दगड जरासा हलला होता. दोन वर्षं ज्या दारापाशी जायला कारण सापडत नव्हतं, तिथे जायला आता काम होतं. स्वतःसाठी गेलं की आपण हरलो असं होतं. कामासाठी गेलं की नुसतं काम असतं.

त्यानं फोन लावला.

"ताई, मी बोलतोय."

"माहितीये. फोनवर नाव येतं."

"बरी आहेस ना?"

"बरी आहे."

"एक काम होतं."

"वाटलंच," ताई म्हणाली. पण हो म्हणाली. शनिवारी दुपारी ये, सगळे घरी असतात.

शनिवारी भाऊजींनीच दार उघडलं. "या, या, दिग्दर्शक! मेकअपवाले मागून येतायत वाटतं?" पण आवाज नेहमीपेक्षा एक पट्टी खाली होता. काकूंनी नवी साडी नेसली होती. केस चापूनचोपून बसवले होते.

"काकू, यात तुम्ही दिसणार नाही," त्यानं समजावलं. "तुमच्यावरून चित्र काढायचंय. फक्त हालचाल घेणार."

"हालचालच राहिली नाहीये रे आता," काकू म्हणाल्या. "चेहरा तेवढा बरा होता, तो तू घेत नाहीस म्हणतोस."

भाची दोन वर्षांत हातभर वाढली होती. ती त्याच्याकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघत होती, आणि मग कॅमेऱ्याकडे न बघता त्याच्याकडे.

त्यानं खिडकीजवळ कॅमेऱ्याचं तिकाटणं लावलं, सगळ्यांना जागा सांगितल्या आणि उजव्या टोकाची पाचवी खुर्ची मोकळी ठेवली. "इथे कुणी नको. इथे मी नंतर एक माणूस घालणार आहे. सगळ्यांनी तिथे तो आहे असं समजायचं. बाळा, तू त्याला वाडगं दे."

"कोणाला घालणार, मामा?"

"मलाच. घरी जाऊन करीन मी ते."

"घरी कशाला? तू तर इथेच आहेस."

"मग कॅमेरा कोण बघणार?"

"तो तीन पायांवर उभा आहे की. पडायचा नाही."

भाऊजी हसले, काकू हसल्या. सेकंदकरही हसला आणि म्हणाला, "उजेड जाईल. चला, बसा."

ताई स्वयंपाकघरातून आली आणि तिनं मोकळ्या खुर्चीसमोर ताट ठेवलं. भात, भाजी, सगळं वाढलेलं, गरम.

"रिकामं ताट चाललं असतं, ताई. त्यात काय आहे ते दिसणार नाहीये."

"रिकामं ताट मांडत नाहीत," ताई म्हणाली.

ती माणसं जेवली. सुरुवातीला लग्नाच्या फोटोसारखी ताठ बसली होती. मग भूक लागली तशी विसरली. काकूंनी नातीच्या ताटातली भाजी आपल्या ताटात ओढली, कारण ती टाकणार हे त्यांना ठाऊक होतं. ताईनं न बघता मीठ पुढे सरकवलं आणि भाऊजींनी न बघता ते घेतलं. कॅमेऱ्यामागे सेकंदकरला आनंदानं नाचावंसं वाटत होतं. भांड्याला भांडं लागत होतं. साउंडवाल्याला पुरून उरेल एवढा आवाज होता.

"झालं!" तो म्हणाला. "फार सुंदर झालं."

"आता बस," ताई म्हणाली. "ताट वाढलेलंच आहे."

"नको, ताई. उजेड आहे तोवर नुसत्या टेबलाचे दोन शॉट घेतो आणि पळतो. पंधरा दिवसांत दाखवायचंय."

"पाच मिनिटं बस."

"पुन्हा येईन ना, निवांत."

ताईनं भाऊजींकडे बघितलं. भाऊजींना अशा वेळी हमखास काहीतरी सुचायचं, पण आज त्यांनी थट्टा केली नाही. "नाही, म्हणजे आम्हाला जरा..." त्यांनी सुरुवात केली.

"राहू दे," ताई म्हणाली. "त्याला काम आहे."

त्यानं दोन शॉट घेतले. पाचवं ताट मधे येत होतं म्हणून ते उचलून ओट्यावर ठेवलं. मग कॅमेरा बॅगेत घातला, काकूंना वाकून नमस्कार केला, भाचीच्या डोक्यावर टपली मारली आणि निघाला. बसमध्ये त्याला वाटत होतं, की आपण जिंकलो. गेलो, हसलो, कुणाकडे काही मागितलं नाही, आणि पाहिजे ते घेऊन आलो.

घरी येऊन तो चित्रं काढायला बसला. एका सेकंदाला पंचवीस चित्रं. धावत्या फितीत जे दिसत नाही, ते एकेक चित्र थांबवून काढताना दिसतं, आणि न बघण्याची सोय नसते. भाऊजींपाशी येऊन तो अडकला. जेवता जेवता, वाडगं पुढे येताना भाऊजी खुर्ची किंचित डावीकडे घेत होते. त्यांच्या उजव्या बाजूला तर कुणीच नव्हतं. मोकळी खुर्ची. त्या मोकळ्या खुर्चीला कोपर लागू नये म्हणून तो सहा फुटी माणूस अंग चोरत होता. हे करायला त्यानं सांगितलं नव्हतं. सेकंदकरला ती सरकणारी खुर्ची चित्रामागून चित्र काढावी लागली. मधेच उठून त्यानं पाणी प्यायलं, तोंड धुतलं, पुन्हा येऊन बसला.

मग पाचव्याची पाळी आली. तो आपल्या टेबलापाशी बसला, समोर कॅमेरा, आणि हवेतून वाडगं घ्यायला लागला. जुळेना. त्याचा हात लवकर जायचा नाहीतर उशिरा. भाची वाडगं पुढे करून थांबली होती. शूटिंगच्या वेळी ते त्याच्या लक्षात आलं नव्हतं, पण ती चांगली थांबली होती, हात दुखेस्तोवर. एवढा वेळ कुणी आपल्यासाठी हात पुढे करून थांबेल असं धरून हात पुढे न्यायची त्याच्या शरीराला सवयच राहिली नव्हती. कितीतरी खेपांनंतर ते वाडगं एकदाचं त्याच्या हातात आलं.

फीत तयार झाली तेव्हा त्यानं ती सारखी फिरत ठेवली आणि समोर बसून आपलं जेवण उरकलं. पडद्यावर पाचही जण जेवत होते. भाऊजी सरकत होते, तो वाडगं घेत होता, आणि दहाव्या सेकंदाला पुन्हा पहिल्यापासून.

"हीच!" ब्रँडवाल्या बाई ओरडल्या. "हीच ती ऊब! काय केलंत तुम्ही?"

"खरी माणसं बघितली."

"वा! फक्त एक छोटीशी गोष्ट." छोटी गोष्ट म्हटलं की धंद्यातला माणूस खुर्ची घट्ट धरतो. सेकंदकरनंही धरली. "हा उजवीकडचा, काका का मामा, हा जरा जास्त होतोय. लोगोला जागाच उरत नाही. याला काढा आणि तिथे लोगो येऊ द्या. म्हणजे ती मुलगी वाडगं पुढे करते आणि आपला लोगो उगवतो. म्हणजे घर काय करतंय? आपल्या चॅनेलला घरात बोलावतंय!"

कल्पना चांगली होती, हेच वाईट होतं. चित्रात त्याच्या जागी दुसरा कुणी बसलेला असता तर ती सेकंदकरलाच आधी सुचली असती.

"होईल," सेकंदकर म्हणाला.

स्वतःला बसवायला त्याला आठवडा लागला होता. पुसायला अर्धी सकाळ पुरली.

आयडेंट चॅनेलवर लागला. दर कार्यक्रमाच्या आधी आणि नंतर एक मुलगी लोगोला वाडगं देऊ लागली आणि एक सहा फुटी बाप लोगोसाठी सरकून बसू लागला. बाईंना वरून शाबासकी मिळाली. त्यांनी त्यातली थोडी फोनवरून त्याला वाटली.

त्याच संध्याकाळी ताईचा फोन आला. तिनं आपणहून केलेला, दोन वर्षांतला पहिला.

"बघितलं आम्ही."

"कसं वाटलं?"

"काकू म्हणतात, नाक मोठं काढलंयस. हिच्या शाळेत सगळ्यांना सांगून झालंय." मग म्हणाली, "तू नाहीस त्यात."

"तिथे लोगो आला."

"हं."

तिच्यामागे कुणीतरी चिकटपट्टी फाडत असल्याचा आवाज येत होता.

"रविवारी आम्ही चाललो," ताई म्हणाली.

"कुठे?"

"यांची बदली झालीये. लांब आहे, गाडीनं पूर्ण दिवस जातो. त्या दिवशी सांगणार होतो तुला. हे म्हणाले, पानावर बसला की सांगू, उभ्या उभ्या नको."

सेकंदकरच्या तोंडून आधी निघालं ते हिशेबाचंच. "कधी कळलं तुम्हाला?"

"दोन महिने झाले."

"मग फोन नाही केलास."

"तूही नाही केलास."

दोन्ही बाजू अगदी बरोबर जुळल्या आणि हाती काहीच उरलं नाही.

"मी येतो रविवारी," तो म्हणाला. "सामान उचलायला."

"कॅमेरा आणू नकोस."

रविवारी तो गेला तोवर निम्मं घर ट्रकमध्ये गेलं होतं. राहिलं होतं ते टेबल. हमाल म्हणाले, जिन्यात वळणार नाही, पाय काढा. पाय काढायचा पाना सापडेना. शेवटी भाऊजींनी एक बाजू धरली, सेकंदकरनं दुसरी.

"तुमच्याकडे घ्या. अजून. अहो, माझ्याकडे नको, तुमच्याकडे!"

"भाऊजी, माझ्यामागे भिंत आहे."

"मग वर करा. हां. आता खाली बघू नका, पाय आपोआप पायरी शोधतो."

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर टेबल अडकलं ते अडकलंच. पुढे जाईना, मागे येईना. दोघं दोन टोकांना, मधे टेबल, चेहरे घामानं ओले.

"त्या दिवशी मी जे बोललो..." भाऊजी म्हणाले.

"कुठल्या दिवशी?"

"तुम्हाला माहितीये कुठल्या. मुक्कामाचं. गंमत केली होती मी."

"कळलं होतं मला."

"मग गेलात कशाला?"

सेकंदकरनं टेबलाची कड जरा वर उचलून बघितली. "बरोबर बोलला होतात म्हणून."

"काय डोंबलाचं बरोबर!" भाऊजी एकदम चिडले. "ही महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. आई अजून सुनावते. माणसानं जेवताना बोलायचंच नाही का काही? मी सगळ्यांनाच बोलतो. घरातल्याला नाही बोलायचं तर कुणाला बोलायचं?"

वरून भाची ओरडली, "बाबा, आडवं करा ना!" त्यांनी ते आडवं केलं आणि टेबल मुकाट्यानं उतरलं.

ट्रक गेला. मागून भाड्याच्या गाडीत चौघं बसली. काकूंना पुढची जागा दिली, मांडीवर पिशव्या दिल्या. ताईनं किल्ली त्याच्या हातात ठेवली. "घरमालक दुपारी येतील. त्यांना दे आणि दिवे वगैरे दाखव. थांबशील ना?"

"थांबतो."

"ये तिकडे," ती म्हणाली. "काम नसलं तरी."

तो वर आला. घर रिकामं असलं की मोठं दिसतं म्हणतात. हे लहान दिसत होतं. खिडकीचे पडदे गेल्यामुळे उन्हाला कुणी अडवत नव्हतं. बसायला काही नव्हतं म्हणून तो भिंतीला टेकून जमिनीवर बसला. शेजारच्या घरी कुणाचा तरी कुकर शिट्टी देत होता.

फोन वाजला.

"आले का मालक?" ताई.

"नाही अजून."

"जेवलास?"

"जेवीन नंतर."

"ओट्यावर डबा ठेवलाय. तुझाच आहे. चमचा सामानात सगळ्यात खाली गेला, हातानं खा."

ओट्यावर खरंच डबा होता. तिच्या नेहमीच्या डब्यांपैकी नव्हे, झाकण जरा चेपलेला, परत आला नाही तरी चालेल असा. त्यानं तो उघडला. अजून कोमट होता.

"फोन ठेवू नकोस," ताई म्हणाली. "पुढे डोंगर लागला की जाईल तसाही. खा तू."

त्यानं फोन स्पीकरवर टाकून जमिनीवर ठेवला आणि खायला लागला. पलीकडे भाची गाणं लाव म्हणून मागे लागली होती, काकू खिडकी बंद करा म्हणत होत्या, भाऊजी ड्रायव्हरला रस्ता शिकवत होते. त्याला उद्देशून कुणी काही बोलत नव्हतं. मधूनच ताई विचारायची, "मीठ बरोबर आहे?" आणि तो "हं" म्हणायचा.

दारावर टकटक झाली. घरमालक आत आले, रिकाम्या भिंती बघत बघत, आणि भिंतीशी जमिनीवर जेवणाऱ्या माणसापाशी येऊन थबकले.

"घर रिकामं करून मिळणार होतं मला," ते म्हणाले.

"झालंय की," सेकंदकर म्हणाला. तोंडात घास होता. "मीच तेवढा राहिलोय. किल्ली खिडकीत आहे, घ्या."

मालकांनी किल्ली घेतली, पण गेले नाहीत. दिवे, नळ, कड्या बघत फिरायला लागले. फोनमधले आवाज तुटायला लागले होते. भाची काहीतरी सांगत होती. तीन शब्द यायचे, दोन गळायचे. मग गाडीची नुसती घरघर, मग तीही नाही.

"ताई?" त्यानं विचारलं.

फोनच्या काचेवर तिचं नाव अजून दिसत होतं. त्यानं फोन बंद केला नाही. डबा जवळ ओढला आणि उरलेला भात सावकाश संपवायला घेतला.